फाटकाच्या आत : महासाथ, वृद्धाश्रम आणि आपली वाचनाची सवय

२०२० च्या दिवाळीत मी एका अंकासाठी वृद्धाश्रमावर लेख लिहिला होता. पनवेलच्या पलीकडे, गाढी नदीच्या बाजूला असलेल्या ज्या संस्थेत माझी आत्या राहते, तिथे त्या वर्षी करोनाचा एकही रुग्ण सापडला नव्हता. मी भारावून लिहिलं होतं. त्या आश्रमाला मी ‘किल्ला’ म्हटलं होतं. अंक आत्याला पाठवला. पुढच्या भेटीत, म्हणजे फाटकाच्या अलीकडे मी, पलीकडे खुर्चीत ती, अशा भेटीत, तिने तो सळ्यांमधून मला परत दिला. आत्याने आयुष्यभर मुलींच्या शाळेत मराठी शिकवलं. ‘किल्ला’ या शब्दाखाली लाल रेघ होती आणि समासात तिच्या तिरक्या अक्षरात दोनच शब्द होते : ‘किल्लेदार कोण?’

त्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं. आज पूर्ण आहे असंही नाही. पण माझा तो लेख आता वाचताना एक गोष्ट स्पष्ट दिसते. मी पाहिलेल्या वृद्धाश्रमाबद्दल लिहिलंच नव्हतं. वाचलेल्या वृद्धाश्रमाबद्दल लिहिलं होतं. आपल्याकडे वृद्धाश्रम हा आधी वाचला जातो, मग कधी तरी पाहिला जातो. त्या वाचनाची तपासणी हा या लेखाचा विषय आहे आणि तपासणीसाठी महासाथीची दोन वर्षं हाती आहेत.

मराठीतल्या वार्धक्याच्या चर्चेत दोन नाटकांची नावं हटकून येतात : वि. वा. शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ आणि जयवंत दळवींचं ‘संध्याछाया’. गंमत अशी, की या दोन्हींत वृद्धाश्रम नाही. गणपतराव बेलवलकर मुलाच्या घरून मुलीच्या घरी आणि तिथून रस्त्यावर येतात. ‘संध्याछाया’तले नाना-नानी तर स्वतःच्याच घरात आहेत, त्यांचं घर रिकामं झालं आहे एवढंच. म्हणजे ज्या दोन कृतींनी आपल्याला म्हातारपणाचं दुःख वाचायला शिकवलं, त्या घराच्या शोकांतिका आहेत. पण त्यांच्यावर पोसलेल्या पुढच्या असंख्य कथा, एकांकिका, मालिकांतले प्रसंग आणि अलीकडचे फिरते संदेश यांनी ते दुःख उचलून वृद्धाश्रमात नेऊन ठेवलं. ‘नटसम्राट’मध्ये मुलांबाबतही एक गुंतागुंत आहे, बापाचा तऱ्हेवाईकपणा, त्याचा अहंकार शिरवाडकर लपवत नाहीत. पुढच्या कथांत ती गुंतागुंत उरली नाही. उरला तो कृतघ्न मुलगा, त्याची परदेशी नोकरी, सुनेचा एखादा शेरा, आणि खिडकीतून फाटकाकडे पाहणारी आई.

या कथेचा साचा इतका घट्ट आहे की तिच्यात वृद्धाश्रमाची इमारत केवळ निकालपत्रासारखी येते. आई तिथे पोहोचली की कथा संपते. आत काय घडतं, पहाटे किती वाजता कोण उठवतं, अंथरूण ओलं झालं तर कोण बदलतं, रात्री दम लागला तर गाडी कुठून येते, यांत लेखकाला रस नसतो, कारण खटला मुलावर चाललेला असतो. माझ्या आत्याने लग्न केलं नाही. तिला मुलगा नाही, सून नाही. २०१४ साली, शहात्तराव्या वर्षी, तिने स्वतः चार ठिकाणं पाहिली, अनामत रक्कम भरली आणि दोन ट्रंका घेऊन ती तिथे राहायला गेली. तरीही आमच्या नात्यात आजवर कुणी मला ‘आत्या कुठे राहतात?’ असं सरळ विचारलेलं नाही. ‘तिथेच ठेवलंय का अजून?’ असं विचारतात. ‘ठेवलंय’ हे क्रियापद वस्तूंसाठी वापरतात, हे आत्याचंच निरीक्षण.

नवी मुंबईच्या संदर्भात हा साचा आणखी विचित्र वाटतो. १९७० साली, म्हणजे ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आलं त्याच वर्षी, सिडकोची स्थापना झाली. वाशी, नेरूळ, बेलापूर ही उपनगरं नोकरीच्या वयाच्या माणसांसाठी आखली गेली. स्टेशन, शाळा, बाग, बाजार. आम्ही ऐंशीच्या दशकात नेरूळला राहायला आलो तेव्हा आमच्या इमारतीत आजी-आजोबा फक्त सुट्टीत दिसायचे. आता त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाला लिफ्ट नाही म्हणून महिनोन्महिने खाली उतरता येत नाही. शहर एकदम म्हातारं झालं. महापालिकेने ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्रं काढली, ती चांगली चालतात. पण विरंगुळ्यासाठी केंद्रापर्यंत चालत जाता यावं लागतं. ज्याला ते जमत नाही त्याची सोय शहराच्या कडेला झाली : तळोजा, नेरे, पनवेलच्या आसपासची गावं, पुढे कर्जत-खोपोलीपर्यंत. काही सेवाभावी संस्था, काही निराधारांना रस्त्यावरून आणून सांभाळणाऱ्या, आणि शहरातच रो-हाउसमध्ये किंवा बंगल्यात चालणारी खासगी शुश्रूषा केंद्रं. या तिन्हींना आपण एकच शब्द वापरतो. महासाथीत त्यांचे अनुभव सारखे नव्हते, हे पुढे येईलच.

मार्च २०२० च्या तिसऱ्या आठवड्यात मला संस्थेतून फोन आला. उद्यापासून फाटक बंद. आत्यांना घरी न्यायचं असेल तर आज संध्याकाळपर्यंत न्या, नंतर परत घेता येणार नाही. देशभरची टाळेबंदी २५ मार्चला सुरू झाली, म्हणजे हा निर्णय संस्थेने सरकारच्या आधी घेतला होता आणि तो शहाणपणाचा होता. आमच्या घरात तेव्हा मुलगा रोज कामाला जात होता, दीड खोलीत पाच माणसं होती. मी तिला आणलं नाही. हा निर्णय मी हिशेब करून घेतला आणि तो आजही मला बरोबर वाटतो. पण त्या रात्री जी शरम वाटली तिचा शब्दन् शब्द मला पाठ होता; तो नाटकांतून आलेला होता. आत्याला काय हवं आहे, हे मात्र मी फोनवर विचारलं नाही. संस्थेनेही विचारलं नव्हतं. आम्ही दोघांनी मिळून तिचं ठरवून टाकलं.

आतलं आयुष्य कसं चाललं, हे मला पुढे दोन वर्षांत तुकड्यातुकड्यांनी कळलं. आश्रमाचा कारभार ज्या गोष्टींवर चालतो त्या बाहेरच्यांना सहसा दिसत नाहीत. उदाहरणार्थ, जेवण. बऱ्याच संस्थांत महिन्यातले कित्येक दिवस जेवण दात्यांकडून येतं : कुणाचा वाढदिवस, कुणाच्या वडिलांचं वर्षश्राद्ध, पितृपंधरवडा, दिवाळीचा फराळ, कुठल्या कंपनीची मंडळी शनिवारी येऊन केक कापून जातात. आपण विनोदाने म्हणतो की आश्रमात शिरा फार होतो. टाळेबंदीत हा सगळा ओघ एका दिवसात आटला. पैसे पाठवणारे काही जण होते, पण वाढदिवसाला फोटो काढता येत नाही म्हटल्यावर बरेच गळाले, असं व्यवस्थापक ताई कसलाही कडवटपणा न आणता सांगतात. मे २०२० मध्ये वाशीचा घाऊक बाजार करोनामुळे आठवडाभर बंद राहिला तेव्हा भाजीऐवजी कडधान्यं आली. कवळी नसलेल्या माणसाला मटकीची उसळ चावत नाही. ती वाटून द्यावी लागते. पंचावन्न माणसांपैकी वीस जणांची उसळ वाटायची म्हणजे काय, हे स्वयंपाकघरातल्या मावशींना विचारावं.

औषधांचा प्रश्न त्याहून बिकट होता. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला नातेवाईक आणून देत. आता प्रत्येकाची चिठ्ठी वेगळी, दुकान वेगळं, पैसे वेगळे. न्हावी येणं बंद झालं. फिजिओथेरपिस्ट येणं बंद झालं, आणि याचं मोल सर्वांत जास्त पडलं. विस्मृतीच्या रुग्णांना मुखपट्टी समजत नव्हती. ओळखीचा चेहरा अर्धा झाकला की तो त्यांच्यासाठी परका होई. कमी ऐकू येणारे लोक समोरच्याच्या ओठांवरून अंदाज घेत असतात, तो आधार गेला. व्हिडिओ कॉलचं त्या काळात फार कौतुक झालं, माझ्या लेखातही होतं. प्रत्यक्षात एक आजी मुलीचा चेहरा फोनवर दिसला की फोन उलटा करून मागे पाहत, मुलगी तिथे आहे का म्हणून. मग रात्री झोपत नसत. शेवटी मुलीनेच कॉल बंद केले.

आता कायद्याच्या आणि आकड्यांच्या बाजूकडे वळतो, कारण साहित्याइतकाच शासनव्यवहारही वृद्धाश्रमाला एक कल्पना म्हणून वागवत आला आहे. महाराष्ट्रात १९९५ साली युती सरकारच्या काळात मातोश्री वृद्धाश्रम योजना आली. जिल्ह्याजिल्ह्यात एक आश्रम ही कल्पना. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्याच्या १९ व्या कलमात निराधार ज्येष्ठांसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, किमान १५० जणांची सोय असलेला आश्रम, असं म्हटलं आहे. पण इंग्रजी मसुद्यातलं क्रियापद राज्य सरकारने ‘करावंच’ असं नाही, ‘करू शकेल’ असं आहे. कायद्यातही सगळा खेळ क्रियापदाचा असतो. डिसेंबर २०१८ मध्ये माजी कायदामंत्री अश्वनी कुमार यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला सांगितलं, की राज्यांकडून प्रत्येक जिल्ह्यातल्या वृद्धाश्रमांची संख्या मागवून घ्या. म्हणजे महासाथ सव्वा वर्षावर आली असताना आपण आश्रम मोजायला सुरुवात करणार होतो. ४ ऑगस्ट २०२० ला त्याच प्रकरणात न्यायालयाने आदेश दिला : ज्येष्ठांचं निवृत्तिवेतन वेळेवर द्या, गरजूंना औषधं, मुखपट्ट्या, जंतुनाशकं पुरवा, वृद्धाश्रमांतल्या काळजीवाहकांना संरक्षक साहित्य द्या. आदेश चांगलाच होता. तो आला तेव्हा फाटक बंद होऊन साडेचार महिने झाले होते आणि आमच्याकडच्या मावशी रेनकोट घालून रुग्णशय्या बदलत होत्या.

लसीकरणाची गोष्ट अशीच. १ मार्च २०२१ पासून साठीपुढच्यांना लस मिळू लागली. पण केंद्रावर जायचं, रांगेत थांबायचं, ओळखपत्र दाखवायचं. ज्याला रेल्वे स्थानकावरून उचलून आणलं त्याचं ओळखपत्र कुठलं? ओळखपत्र नसलेल्यांसाठीची कार्यपद्धती केंद्राने एप्रिल २०२१ च्या शेवटी काढली. तिच्यात कैदी, भटके, मनोरुग्णालयातले रुग्ण, भिक्षेकरी यांच्या यादीत वृद्धाश्रमातले नागरिक येतात. त्या यादीचा मी बराच वेळ विचार केला. अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन लस द्या, ही मागणी मुंबई उच्च न्यायालयात लढवावी लागली. केंद्राचं म्हणणं होतं ते शक्य नाही, फार तर ‘घराजवळ’ देता येईल. ‘घरी’ आणि ‘घराजवळ’ यांच्यातलं अंतर दोन पायऱ्यांचं असलं तरी खिळलेल्या माणसाला ते पार करता येत नाही. ३० जुलैला मुंबई महापालिकेने अंथरुणावरच्या नागरिकांना घरी लस द्यायला सुरुवात केली तोवर दुसरी लाट ओसरली होती.

आणि मग नोव्हेंबर २०२१. ठाणे जिल्ह्यात, खडवली स्टेशनजवळच्या सोरगावच्या मातोश्री वृद्धाश्रमात ६७ जण बाधित निघाले. यांतल्या ६२ जणांनी दोन्ही मात्रा घेतल्या होत्या. बाधितांत कर्मचारी आणि त्यांच्या घरची माणसंही होती, अगदी दीड वर्षाचं मूलसुद्धा. सगळ्यांना ठाण्याच्या शासकीय रुग्णालयात हलवलं. दोन दिवस ही बातमी सर्वत्र होती, ‘स्फोट’, ‘विळखा’ या शब्दांसकट. मला तिच्यातलं ते मूल महत्त्वाचं वाटतं. वृद्धाश्रमात दीड वर्षाचं मूल काय करत होतं, हा प्रश्न एकाही वाचकाला पडला नसेल तर त्याचं कारण हेच, की आपल्या कल्पनेतल्या वृद्धाश्रमात फक्त वृद्ध असतात. प्रत्यक्षात तिथे एक दुसरी वस्तीही असते : राबणाऱ्यांची, आणि त्यांच्या मुलाबाळांची.

जगात काय झालं त्याच्याशी तुलना करताना आपल्याकडे एक सोयीचं वाक्य वापरलं जातं. मार्च २०२० मध्ये स्पेनच्या लष्कराला शुश्रूषागृहांत बेवारस मृतदेह सापडले. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात एका खासगी निवासातून कर्मचारी निघून गेले आणि काही आठवड्यांत तिथे तीसहून अधिक वृद्ध दगावले. इंग्लंडमध्ये रुग्णालयातल्या ज्येष्ठांना चाचणी न करता शुश्रूषागृहांत पाठवण्याचं धोरण बेकायदा होतं, असं तिथल्या उच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये म्हटलं. हे सांगून झालं की पुढे येतं : आपल्याकडे कुटुंबव्यवस्था आहे म्हणून आपण वाचलो. मीही तेच लिहिलं होतं. पण तिथे ते मृत्यू मोजले गेले, चौकश्या झाल्या, खटले झाले. जिथे आश्रमच मोजलेले नाहीत तिथे आश्रमातले मृत्यू कोण मोजणार? आणि घरातल्यांचं काय? एप्रिल २०२१ मध्ये आमच्याच सेक्टरमध्ये, मुलाबाळांच्या घरात, खाट मिळण्याची वाट बघत गेलेल्या म्हाताऱ्या माणसांना आपण कुठल्या व्यवस्थेच्या खात्यात घालायचं? तुलना करायचीच तर ती आपल्या श्रेष्ठत्वासाठी नको.

असो. किल्लेदाराच्या प्रश्नाकडे येते.

आत्याला करोना झाला नाही. त्या संस्थेत दुसऱ्या लाटेत सात जणांना झाला, दोघे गेले; बंद फाटकाने बाकीच्यांना वाचवलं, याबद्दल मला शंका नाही. पण मार्च २०२० मध्ये आत्या रोज सकाळी आवाराला सहा फेऱ्या मारत होती आणि ऑक्टोबरमध्ये ती खुर्चीतून फाटकाशी आली. सहा महिने खोलीबाहेर पडू न दिल्याने तिचे गुडघे आखडले ते कायमचे. तिच्या खोलीतल्या सोबतीण बाई जुलैत गेल्या, करोनाने नव्हे, त्यांनी जेवण सोडलं होतं. मी हे ताईंशी बोलले तेव्हा त्या गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “मी एकीला फेऱ्या मारू दिल्या असत्या आणि तिच्यामुळे दहा जणी गेल्या असत्या, तर तुम्ही आज मला काय विचारलं असतंत?” यावर माझ्याकडे उत्तर नाही.

आत्याकडे आहे. तिचं म्हणणं बंदीला विरोध असं नव्हतंच. “अगं, शाळेत साथ आली की आम्हीही शाळा बंद करायचो. पण पोरींना सांगून करायचो. इथे पंचावन्न जण आहोत, त्यांतले तीस तरी शुद्धीवर आहोत. बोलावून विचारायचं, की बायांनो, असं असं आहे, काय करू या? आम्हीच म्हटलं असतं बंद करा म्हणून.” ती तिथे आपल्या मर्जीने गेलेली बाई. पहिल्या दिवशी तिने ट्रंका उचलल्या तेव्हा ती ग्राहक होती, थोडीशी मालकीणही. टाळेबंदीच्या पहिल्या संध्याकाळी ती ‘ठेवलेली’ झाली. माझ्या लेखाने तिला ‘किल्ल्यात सुरक्षित’ करून तेच केलं, फक्त सुंदर भाषेत. आणि हे मी एकटीनेच केलं नाही. त्या दोन वर्षांत मी जेवढ्या दिवाळी अंकांत महासाथीवरचं लेखन वाचलं, त्यात वृद्ध माणूस एक तर बळी होता किंवा आशीर्वाद देणारा हात होता. मत असलेला म्हातारा मला कुठे भेटला नाही.

काळजी घेणाऱ्यांचं तर साहित्यात नावच नाही. माझ्या पाहण्यातला एक ठळक अपवाद म्हणजे सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हा चित्रपट. विस्मृतीत हरवलेला संस्कृतचा पंडित हत्तीच्या मागे चालत जातो आणि माहुताच्या बायकोच्या हाती पडतो. मोहन आगाशे आणि अमृता सुभाष यांच्यातले ते प्रसंग मी आश्रमातल्या मावशींना जवळून पाहिल्यानंतर पुन्हा बघितले तेव्हा वेगळेच कळले. तिला त्याची विद्वत्ता माहीत नाही, मुलींवर तिला खटलाही चालवायचा नाही. समोर एक भुकेलेला, घाण झालेला माणूस आहे आणि त्याला धुवून भरवायचं आहे. भाषा वेगळी, जात वेगळी, मोबदला नाही. तरी चित्रपट तिला देवी करत नाही, ती वैतागतेही. सुमित्रा भावे एप्रिल २०२१ मध्ये गेल्या, महासाथीच्या ऐन भरात. वृद्धाश्रम त्यांच्या नजरेने पाहणारं लेखन मराठीत व्हायचं आहे.

आमच्याकडच्या मावशी नऊ. चौघी कर्जतच्या बाजूच्या आदिवासी पाड्यांतल्या, दोघी मराठवाड्यातून आलेल्या, तिघी जवळपासच्या गावातल्या. मार्च २०२० मध्ये त्यांनाही तेच सांगितलं गेलं : आत राहा किंवा बाहेर जा. सात जणी आत राहिल्या. पगार वाढला नव्हता. त्या का राहिल्या, हे मी विचारलं तेव्हा एकीने सांगितलं की घरी गेले असते तर खाणारं एक तोंड वाढलं असतं. दुसरी म्हणाली, तिच्या वाट्याच्या आजी दुसऱ्या कुणाच्या हातून खात नाहीत. दोन्ही उत्तरं खरी आहेत, आणि पहिलं उत्तर आपल्याला ऐकायला आवडत नाही म्हणून आपण लेखात दुसरंच लिहितो.

या वर्षी हा लेख करायचा ठरल्यावर मी ताईंकडे त्या काळातल्या नोंदवह्या मागितल्या. तापमान-प्राणवायूची वही आहे, औषधांची आहे, मयताची आहे. शेवटी मी सहज म्हणून फाटकावरची अभ्यागतांची वही उघडली. ती कोरी असणार असं धरून चालले होते. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑक्टोबरपर्यंत एकाही नातेवाइकाला फाटकाशी उभं राहायची परवानगी नव्हती. पण वही कोरी नाही. रखवालदार जुना माणूस, फाटकाशी जो थांबेल त्याची नोंद करायची हे त्याला पक्कं माहीत. एप्रिलपासून दर आठ-दहा दिवसांनी एक-दोन नोंदी आहेत. येणाऱ्यांची वयं अकरा, नऊ, चौदा. गावांची नावं जवळपासची. एकदा कर्जतकडचा पाडा, चालत आल्याचा शेरा. ‘कुणाला भेटायचे’ या रकान्यात मावशींची नावं आहेत. ‘नाते’ या रकान्यात प्रत्येक वेळी ‘आई’. येण्याची आणि जाण्याची वेळ लिहिली आहे, बहुतेक ठिकाणी दहा मिनिटांची. सात महिन्यांत मी मोजल्या, एकतीस नोंदी.

वहीची ती पानं मी आत्याला दाखवली. तिने चष्मा लावून सगळी वाचली, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं आणि म्हणाली, “हे छाप.”